हरणटाक्यातली तीनशे बारा कारंजी

त्या एका शब्दाने वसंतअण्णा तरवड्यांना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू.

पहिलं म्हणजे नगरसेवक व्याही. हरणटाके नगरपरिषदेत तीस वर्षं वॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाला लोक 'ए वॉलमन' अशी हाक मारतात. नगरसेवकाच्या व्याह्याला 'अहो तरवडे' म्हणतात. दुसरं, लेकीला असं सासर की ज्याच्या मागच्या दारातून नगरपरिषदेची बाग दिसते. लेक केतकी त्याच बागेची पर्यवेक्षक, म्हणजे नोकरी आणि सासर यांच्यामध्ये एक भिंत, तीही कमरेएवढी. तिसरं, जावई अभिराज शांत स्वभावाचा, बँकेत कामाला, आणि मुख्य म्हणजे केतकीला स्वतःला आवडलेला. चौथं, व्याह्यांच्या गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी. ज्या बापाने आयुष्यभर गावाला पाणी पाजलं आणि स्वतःच्या घरी पिंपातलं तळाचं पाणी पेल्याने काढलं, त्याला टाकीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आणि जाणार काय होतं? अण्णांच्या मते काहीच नाही. एक शब्द. तोही तीन अक्षरी.

ही गोष्ट दोन हजार एकोणचाळीस सालची. हरणटाक्यात तेव्हा पाणी एक दिवसाआड चाळीस मिनिटं यायचं. म्हणजे कागदावर सगळ्यांनाच चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात नळाला थेट मोटर लावून जो खेचेल त्याला चाळीस, आणि गल्लीच्या शेवटच्या घराला नुसती नळाची फुसफुस. अण्णांचं घर माळगल्लीच्या शेवटी. नळाला मोटर लावायला बंदी होती. ती मोडायलाही फारशी कोणाची हरकत नव्हती.

मग नगरपरिषदेने 'कानतार' आणली.

हे प्रकरण कळायला अवघड नाही. केसाएवढी बारीक काचेची तार पाइपाला लगटून जमिनीत पुरायची आणि तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचे ठिपके सोडायचे. काच कितीही शुद्ध असो, वाटेतल्या प्रत्येक जागेवरून कणभर प्रकाश मागे परततो. जमिनीत कुठे थरथर झाली की तिथे तार किंचित ताणली जाते आणि तिथून परतणारा प्रकाश तेवढाच बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते, आणि कसा बदलला यावरून आवाज. थोडक्यात, एकोणतीस किलोमीटर लांबीच्या तारेला मीटरामीटरावर एक कान.

पण ऐकणं वेगळं, ओळखणं वेगळं. यंत्राला थरथर कळते. ती गळतीची, ट्रकची की मोटरची, हे शेजारी बसून कोणीतरी सांगावं लागतं. एकदा नाव सांगितलं की मात्र ते जन्मात विसरत नाही. आणि हरणटाक्यात जमिनीखालचे आवाज ओळखणारा माणूस एकच होता. अण्णा लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर टेकवत, दुसरं कानामागच्या हाडाला लावत, डोळे मिटत आणि सांगत, "इथून अकरा पावलांवर गळतंय. दोन बोटं रुंद." खणलं की अकराव्या पावलावर दोन बोटांचं भोक सापडायचं.

म्हणून कंपनीच्या इंजिनिअर फरहाना मुजावर बावीस दिवस अण्णांना घेऊन गावभर फिरल्या. हातात पाटीएवढं यंत्र. अण्णा सळई लावणार, नाव सांगणार, यंत्र ते शिकणार. "ही गळती." "ही उसाची ट्रॉली." "ही पिठाची गिरणी, पट्टा सैल झालाय, सांगा त्याला." "ही मोटर, अर्ध्या हॉर्सपॉवरची." अकराशे चाळीस आवाज अण्णांनी यंत्राच्या पदरात घातले. आपल्या कानाची अशी मोजदाद होतेय याचा त्यांना एवढा अभिमान वाटत होता, की हे यंत्र शिकून झाल्यावर आपलं काय उरेल हे विचारायचं राहूनच गेलं.

बाविसाव्या दिवशी दोघं बागेच्या मागच्या भिंतीशी आले. भिंतीपलीकडे नगरसेवक भालचंद्र उगले, म्हणजे भालूशेठ, यांचं घर. पाण्याची वेळ होती. अण्णांनी सळई लावली, काढली आणि पुन्हा लावली. भालूशेठच्या न्हाणीघरातून मोटरीची गुणगुण येत होती. साधीसुधी नाही, उगले हार्डवेअरमध्ये नुकतीच आलेली निळी मोटर, जिचा आवाज इतका मऊ की नवशिक्याला मांजर झोपल्यासारखं वाटावं.

साखरपुडा पंधरा दिवसांवर होता.

"काका, हा कसला आवाज?" फरहानाबाईंनी विचारलं.

अण्णांनी मान वर केली. भालूशेठ गच्चीवर दात घासत उभे होते. दोघांची नजरानजर झाली. शेठनी ब्रश तोंडातच ठेवून हळूच नकारार्थी मान हलवली. वीस पावलांवर बागेतलं जुनं कारंजं थुईथुई, खरं तर थुई एवढंच, उडत होतं.

"हा? हे कारंजं," अण्णा म्हणाले.

"कारंजं एवढं एकसुरी वाजतं?"

"नगरपरिषदेचं आहे, मॅडम."

ते फरहानाबाईंना पटलं. यंत्रालाही पटलं. पाणीखात्यात प्रत्येक आवाजाचं पाणी कोणाच्या नावे धरायचं याची यादी झाली, तेव्हा लेखनिकाने विचार न करता लिहिलं: कारंजं, बागेच्या नावे. गावात कारंजं एकच होतं.

साखरपुडा थाटात झाला. भालूशेठनी अण्णांना स्वतःच्या शेजारी बसवलं आणि जिलबीचा आग्रह केला. अण्णांनी चार खाल्ल्या.

*

कानतार सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यात नव्वद मोटरी पकडल्या गेल्या. उद्यान व पाणीपुरवठा समितीचे सभापती भालूशेठच. त्यांनी मोठ्या आवाजात ठराव मांडला होता: मोटर सापडल्यास नळ पंधरा दिवस बंद, घरच्यांनी बागेतल्या सार्वजनिक नळावरून बादलीने पाणी न्यावं. टाळ्या पडल्या होत्या.

पण हरणटाक्यातल्या बायकांनी आठ दिवसांत एक गोष्ट हेरली. लाल मोटर सापडते, हिरवी सापडते, मुंबईहून आणलेली महागडी सापडते. निळी सापडत नाही. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. विचारायच्या भानगडीतही कोणी पडलं नाही. उगले हार्डवेअरमधल्या निळ्या मोटरी महिन्यात संपल्या, पुन्हा आल्या, पुन्हा संपल्या. भालूशेठ सकाळी समितीत मोटरीविरुद्ध बोलत आणि दुपारी दुकानात त्या मोटरी पिशवीत घालून देत. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेने करत.

यंत्र बिचारं इमानदार. त्याला जिथे जिथे निळी गुणगुण ऐकू येई, तिथे तिथे ते 'कारंजं' लिही आणि पाणी बागेच्या नावावर टाकी.

पूर्वी बाग दिवसाला सहा हजार लिटर पाणी घ्यायची. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या अहवालात आकडा आला अठरा हजार. दिवाळीनंतर चौसष्ट हजार. सभेत आरडाओरडा झाला. "सव्वा एकराची बाग आहे का उसाचा फड?" एका सदस्याने विचारलं. नियम कडक करायचं ठरलं.

बागेच्या दारातल्या फलकावर तेव्हा अकरा नियम होते: फुलं तोडू नयेत, कुत्री आणू नयेत, असे सोसण्यासारखे. बारावा आला, कारंजं बंद. तेरावा, नळावर हातपाय धुवू नयेत. मग हिरवळीला पाणी एक दिवसाआड. मग हिरवळीला पाणी नाही. मग हिरवळ नाही, त्यामुळे 'हिरवळीवर बसू नये' हा जुना नियम खोडायचा की ठेवायचा यावर पाऊण तास चर्चा. बाविसावा, पक्ष्यांसाठी ठेवलेली मातीची भांडी काढावीत. सव्विसावा, बागेत धावू नये, धावल्याने तहान लागते. पेंटर आठवड्याला एकदा येई. शेवटी फलकावर जागा उरली नाही, तेव्हा त्याने बाकांच्या पाठींवर नियम लिहायला घेतले आणि 'ओला रंग, बसू नये' ही चिठ्ठी लावली. लोकांनी तोही नियमच समजून पाळला.

बंद कारंज्याच्या नावावर पाणी वाढतच होतं.

केतकी भालूशेठना भेटायला गेली. "अहो, कारंजं बंद आहे. मी स्वतः त्याच्या वॉल्व्हची चकती काढून कपाटात ठेवलीये. मग ते पाणी पितंय कसं?"

"सूनबाई, हिशेब यंत्राचा आहे. मी आपला अंगठेबहाद्दर."

"अजून सूनबाई नाही झाले."

"तेही होईल. आणि एवढा जीव का टाकतेस त्या झाडांवर? बाग बंद झाली तर तिथे बत्तीस गाळे निघतील. तुला जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल मिळेल. सावलीतलं काम."

केतकीला आत्तापर्यंत फक्त शंका होती. आता तिला बत्तीस हा आकडाही मिळाला. गाळ्यांचा आराखडा तयार असल्याशिवाय आकडा इतका नेमका येत नाही.

फेब्रुवारीत बागेच्या नावे दिवसाला एक लाख सत्त्याऐंशी हजार लिटर लागले. सभेचा विषय जाहीर झाला: उद्यान कायमचं बंद करणं, झाडं काढणं. मधोमध केतकीची बकुळ होती. नोकरीला लागली त्या वर्षी तिने हाताने लावलेली. बादलीभर पाण्यासाठी झुरत तिने निम्मी पानं टाकली होती.

*

रविवारी दुपारी केतकी पूर्ण अहवाल छापून घेऊन घरी आली. एकशे चाळीस पानं. सभेत आजवर फक्त पहिलं पान वाचलं जायचं, कारण बेरीज तिथेच होती.

आई, हिराबाई, शेंगा सोलत होत्या. अण्णा सुपारी कातरत होते. घरात गेल्या दोन महिन्यांत एक सुखाचा बदल झाला होता: पिंप भरायला लागलं होतं. "देवाला दया आली," असं हिराबाई म्हणत. पाण्याच्या वेळी अण्णा नेहमीच गावाच्या दुसऱ्या टोकाला वॉल्व्हपाशी उभे. आता वॉल्व्ह आपोआप फिरे, पण तो अडकलाच तर माणूस हवा म्हणून नगरपरिषदेने त्यांना तिथेच ठेवलं होतं. तेव्हा देवाला नेमकी कशी दया आली, ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, सातवा रकाना बघा. आवाजाची जागा," केतकी म्हणाली. "शनिवार पेठेत कारंजं. कासार गल्लीत एकवीस कारंजी. स्मशानामागे कारंजं. पोस्टमास्तरांच्या न्हाणीत कारंजं. हरणटाक्यात एकूण तीनशे बारा कारंजी आहेत, बाबा. म्हैसूरला गेले होते तिथेही एवढी नव्हती."

अडकित्ता थांबला.

"आणि हे सगळ्यात जुनं. गेल्या ऑगस्टमधलं. जागा: बागेची मागची भिंत. नाव सांगणारा: व. तरवडे." केतकीने कागद खाली ठेवला. "दोन बोटांचं भोक अकरा पावलांवरून सांगणारा माणूस मोटरीला कारंजं म्हणेल, हे मला पटत नाही."

हिराबाईंनी शेंगांची परडी उचलली आणि त्या आत गेल्या.

"तुझ्यासाठी केलं गं," अण्णा म्हणाले.

"माझ्यासाठी, तर मला विचारायचं होतं. मला नवरा हवा होता, बाबा. टाकी नको होती."

"साखरपुडा मोडला असता."

"मग मोडला असता. आता काय, लग्नात अक्षता पडताना बकुळीखाली उभं राहायचं म्हणत होते मी, तिथे सिमेंटचं दुकान येईल. तेही उगले हार्डवेअरच असेल."

अण्णांनी अडकित्ता मिटून ठेवला. मग विचारलं, "सभेत सांगणार आहेस?"

"नाही. बापाला खोटं पाडून झाडं वाचवायची नाहीत मला." ती उठली. "पण तुमचा कान मला लहानपणापासून माहीत आहे. तेवढंच म्हणते."

*

यंत्राचा एक नियम होता: आवाजाला दिलेलं नाव बदलायचं, तर ज्याने दिलं त्यानेच, आणि तेही सभागृहासमोर. नगरसेवकांनी परस्पर फेरफार करू नयेत म्हणून भालूशेठनीच तो मोठ्या तोऱ्यात घालून घेतला होता.

सोमवारी सभा भरली. वार्षिक तपासणीसाठी फरहानाबाईही आल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर बागेचा आकडा झळकत होता. प्रेक्षकांच्या बाकांवर केतकी एका टोकाला, अभिराज दुसऱ्या टोकाला. भालूशेठ बाग बंद करायचा ठराव वाचू लागले, तेवढ्यात अण्णा सळई हातात घेऊन उभे राहिले.

"एक आवाज पुन्हा ऐकायचाय."

भालूशेठ लगबगीने खाली आले आणि कानाशी लागले. "व्याही, काय करताय? बरं, नावच बदलायचं असेल तर म्हणा, वय झालं, ऐकू कमी येतं, चूक झाली. मी सांभाळून घेतो. निवृत्तीला चार महिने राहिलेत, शालही देऊ."

वाट खरोखर सोयीची होती. केतकीची बाग वाचली असती, व्याही राहिले असते, वर शाल. फक्त तीस वर्षांच्या कानाला बहिरं म्हणायचं होतं.

"कान शाबूत आहेत, भालूशेठ," अण्णा इतक्या मोठ्याने म्हणाले की इतिवृत्त लिहिणाऱ्यानेही मान वर केली. "तोंड चुकलं."

फरहानाबाईंनी आवाज लावला. मऊ, एकसुरी गुणगुण सभागृहात पसरली. सतरापैकी नऊ सदस्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

"मोटर," अण्णा यंत्राला म्हणाले. "निळी. उगल्यांच्या न्हाणीतली. आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेही लिही."

पडद्यावरचा आकडा थरथरला. एक लाख सत्त्याऐंशी हजार लिटर बागेच्या नावावरून उतरू लागले आणि घराघरांच्या नावावर चढू लागले. बाग चारशे लिटरवर येऊन थांबली. पूर्वीच्या सहा हजारांपैकी फक्त चारशे. इतके महिने तिला तेवढंच मिळत होतं. सभागृहात कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. ते बहुधा स्वतःच्या मोटरीबद्दल असावं.

मग यादी सरकू लागली. पहिलं नाव उगले. मग पोस्टमास्तर, मुख्याध्यापक, नऊ सदस्य, पेंटर. अण्णा छाती काढून वाचत होते. शेवटची नोंद आली.

तीनशे बारा: तरवडे, माळगल्ली.

अण्णांनी दोनदा वाचलं. मग बाकांकडे वळून पाहिलं. हिराबाई पदर सावरत उठल्या. "असं बघू नका. तीस वर्षं गावाला पाणी सोडलंत, एकदा तरी घरी येऊन बघितलंत नळाला काय येतं ते? निळी सापडत नाही असं सगळी गल्ली म्हणत होती. घमेल्याखाली ठेवलीये. आवाज फार गोड आहे तिचा."

सभागृह हसलं. सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त अण्णा हसले.

भालूशेठ हसले नाहीत. "सोयरीक संपली, तरवडे," ते म्हणाले. "आमच्या घरात आता—"

"बाबा," अभिराज बाकावरूनच म्हणाला, "मोटर तुमची होती. साखरपुडा माझा आहे."

*

ठराव भालूशेठचाच: नळ पंधरा दिवस बंद, पाणी बागेतून बादलीने. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे बारा घरांची रांग बागेच्या नळापासून पोलीस चौकीपर्यंत गेली. केतकी नळापाशी खुर्ची टाकून बसली होती. तिने फलकाला आणि बाकांना चुना फासून सगळे चौतीस नियम पुसले होते आणि सभेच्या मंजुरीने एकच लिहिला होता: दोन बादल्या घरी न्याल, तर तिसरी झाडाला.

"कुठल्या झाडाला?" भालूशेठनी विचारलं. त्यांच्या हातातली बादली दुकानातली, नवी कोरी, अजून किमतीची चिठ्ठी चिकटलेली.

"तुम्हाला बकुळ दिलीये. सगळ्यात तहानलेली आहे. आणि रांगेत या, मामंजी, तुमच्यापुढे पोस्टमास्तर आहेत."

'मामंजी' ऐकून भालूशेठनी बादली या हातातून त्या हातात घेतली. मग रांगेत गेले.

आता कोणी किती भरलं, ते. पंधरा दिवसांत तीनशे बारा घरांनी झाडांना अठरा हजार बादल्या घातल्या. मुख्याध्यापकांनी गुलमोहराला साठ, आणि प्रत्येक बादलीची पावती मागितली. नऊ सदस्यांनी मिळून चिंचेला पाचशे. पेंटरने कोणी न सांगता शंभर जादा, बाकं खराब केली म्हणून. भालूशेठनी बकुळीला एकसष्ट. एकसष्टावी चुकून घातली असं ते म्हणतात, पण त्या दिवशी पहिलं कोवळं पान फुटलं होतं आणि ते पाहायला ते दोनदा आले होते. अण्णांची शाल गेली. तिच्याऐवजी त्यांना नगरपरिषदेकडून ताकीद मिळाली, आणि गावाकडून पहिल्यांदाच 'अहो तरवडे'. त्यांनी पारिजातकाला साठ घातल्या, आणि हिराबाईंनी शेजारच्या जाईला साठ, 'माझ्या मोटरीच्या मी वेगळ्या' म्हणून.

एवढं सगळं केतकीने वहीत नीट उतरवलंय. फक्त एक नोंद राहिली आहे. अभिराज रोज बँकेत जाण्याआधी दोन्ही घरांच्या पाण्याच्या बादल्या उचलून द्यायचा, एक उगल्यांकडे, एक माळगल्लीच्या टोकाला, आणि परत येऊन तिसरी, झाड नेमून दिलेलं नसताना, मिळेल त्या झाडाला घालायचा. त्या पंधरा बादल्या उगल्यांच्या नावावर धरायच्या की तरवड्यांच्या, ते केतकीने अजून ठरवलेलं नाही. लग्न मे महिन्यात आहे. तोवर तो रकाना ती मोकळाच ठेवणार आहे.